टाकी भरली, हे मोटरला कोण सांगणार?

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद लागलेला माणूस सुरुवातीला एलईडी लुकलुकवतो. आठवडाभर कौतुक टिकतं. मग घरातलं कुणीतरी विचारतं, "ते ठीक आहे, पण याचा उपयोग काय?" आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा गच्चीवर असतं. नळाला पाणी ठरावीक वेळी येतं, खालच्या टाकीत साठतं, मोटर लावून वर चढवावं लागतं. वरची टाकी भरली हे कळतं कधी, तर ओव्हरफ्लोच्या पाइपातून अंगणात धार पडायला लागल्यावर. मग मोटर बंद करायला धावायचं. ही धावाधाव यंत्रावर सोपवता आली तर?

'वॉटर लेव्हल इंडिकेटर' हा म्हणून आपल्या हौशी मंडळींचा हक्काचा प्रकल्प. १९६९ पासून दिल्लीहून निघणाऱ्या 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' मासिकात त्याची अनेक रूपं छापून आली. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत त्याचे भाग मागायला गेलात, तर निम्मी यादी दुकानदारच पुरी करतो.

मला तो आवडतो तो जरा वेगळ्या कारणासाठी. त्याचा प्रोग्राम दहा ओळींचा: पाणी कमी असेल तर मोटर चालू, भरलं की बंद. दहावीतल्या मुलाला लिहिता येईल. तरीही घरी बनवलेले फार थोडे इंडिकेटर दुसरा पावसाळा बघतात. त्यांना मारतं ते पाणी, ऊन, लांबच लांब तार, आणि 'हे बिघडलं तर काय होईल?' हा प्रश्न कुणीच आधी न विचारणं.

सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात स्वस्त रचना तारांची आहे. एक तार टाकीच्या तळाशी सोडायची, तिला बॅटरीचं धन टोक जोडायचं. बाकीच्या तारा पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशा उंचीवर. प्रत्येक तारेमागे बीसी ५४७ नावाचा एक छोटा ट्रान्झिस्टर आणि एक एलईडी. पाणी तारेला टेकलं की तळच्या तारेपासून पाण्यातून अगदी क्षीण प्रवाह तिथवर पोहोचतो. समजा तो ५० मायक्रोअँपिअर आहे आणि ट्रान्झिस्टर त्याला दोनशेपट करतोय, तर एलईडीला १० मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे लख्ख उजेड. हे काम खरं तर पाणी करत नाही, त्यात विरघळलेले क्षार करतात. शुद्ध पाण्यातून वीज जवळपास वाहतच नाही. त्यामुळे बोअरच्या जड पाण्यावर हे सर्किट झकास चालतं, आणि बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये कुणी चाचणी घेतली तर त्याला वाटतं, ट्रान्झिस्टर जळाला.

पहिला महिना छान जातो. नंतर वरचे एलईडी मंद होतात, एखादा लागत नाही, आणि एक दिवस सगळेच विझतात. टाकीचं झाकण उघडून पाहिलं की कारण दिसतं. धन टोकाची तांब्याची तार हिरवी पडून झिजलेली असते, कधी तुटूनही गेलेली. ऋण बाजूच्या तारांवर पांढरा थर बसलेला असतो. आपण टाकीत नकळत इलेक्ट्रॉलिसिसचा प्रयोग लावून ठेवलेला असतो आणि तो चोवीस तास चालू असतो. धन तारेवर तांबं विरघळून पाण्यात उतरतं. ऋण तारेवर हायड्रोजन सुटतो, तिथलं पाणी थोडं अल्कधर्मी होतं आणि त्यातला कॅल्शियम कार्बोनेट तारेवर जमू लागतो. हा थर वीज अडवतो. म्हणजे एक तार खाल्ली जाते आणि दुसरी गाडली जाते. शिवाय हेच पाणी आपण पितो; तारेला लावलेल्या डागात शिसं असेल तर तेही त्यात जातं.

जुने हौशी यावर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरत, किंवा संपलेल्या टॉर्चच्या सेलमधली कार्बनची कांडी काढून. दोन्हींनी झीज मंदावते, थांबत नाही. दुखण्याचं मूळ तारेच्या धातूत कमी आणि एकाच दिशेनं सतत वाहणाऱ्या प्रवाहात जास्त आहे. मायक्रोकंट्रोलर हाताशी असेल तर उपाय फुकट मिळतो: मिनिटातून एकदा, पाच मिलिसेकंदांपुरती वीज सोडायची, वाचन घ्यायचं आणि बंद. तारेत वीज असण्याचा काळ बारा हजारावा भाग झाला. वर दोन्ही तारा कंट्रोलरच्या पिनांना जोडून दर वेळी दिशा उलटी केली, तर जे काही थोडं विरघळतं आणि जमतं तेही बरंचसं फिटतं. पाण्याची विद्युतवाहकता मोजणारी प्रयोगशाळेतली उपकरणंसुद्धा याच कारणानं उलटसुलट प्रवाह वापरतात.

आता समजा तारा टिकल्या. टाकीच्या वरच्या कडेला एकच तार ठेवून 'पाणी टेकलं की मोटर बंद, सुटलं की चालू' असं केलं तर? खाली कुणी बादलीभर पाणी घेतलं की पातळी बोटभर उतरते, मोटर सुरू होते, मिनिटभरात बंद होते. वरून पडणाऱ्या धारेनं लाटा उठत असतील तर तेवढाही दम नाही. मोटर चालू-बंद करणारा रिले नुसता खटखटत राहतो. सिंगल फेज मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. अशा खटखटीत रिले, मोटर आणि तिचा कपॅसिटर सगळेच म्हातारे होतात. म्हणून चालू करण्याची पातळी वेगळी, खालची, आणि बंद करण्याची वेगळी, वरची. मधल्या पट्ट्यात जे चाललं असेल ते तसंच चालू द्यायचं. याला हिस्टेरेसिस म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्समध्ये असं काम करणारं जे सर्किट सगळीकडे आढळतं, ते ओटो श्मिट यांनी १९३४ मध्ये, विद्यार्थी असताना, स्क्विड या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूंचा अभ्यास करताना सुचलेल्या कल्पनेवरून बनवलं. मज्जातंतूही एका मर्यादेपर्यंत गप्प असतो आणि ती ओलांडली की पूर्ण जोरानं बोलतो.

गंमत अशी की या दोन पातळ्यांच्या नियमासाठी एका ओळीचाही प्रोग्राम लागत नाही. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये आखलेली ५५५ ही टायमरची चिप टाकीसाठीच बनवली असावी असं वाटावं, इतकी ती इथे चपखल बसते. तिची दोन क्रमांकाची पिन पुरवठ्याच्या एक तृतीयांश व्होल्टेजखाली गेली की आउटपुट चालू होतं. सहा क्रमांकाची पिन दोन तृतीयांशाच्या वर गेली की बंद होतं. मधल्या काळात चिप आपली आधीची स्थिती लक्षात ठेवते. टाकीच्या तळाशी धन टोकाची तार सोडायची. खालच्या पातळीची तार दोन क्रमांकाला, वरच्या पातळीची सहा क्रमांकाला, आणि दोन्ही पिना मोठ्या रोधांनी जमिनीला ओढून ठेवायच्या. पाणी खालच्या तारेच्याही खाली गेलं की दोन क्रमांकाची पिन शून्यावर येते, मोटर सुरू. वरच्या तारेला टेकलं की सहा क्रमांकाची पिन वर जाते, मोटर बंद. अजूनही कुणी मला 'टाकीसाठी कोणता मायक्रोकंट्रोलर घेऊ?' असं विचारलं, की मी आधी ५५५चं नाव घेतो आणि समोरच्याचा चेहरा पडतो.

पडतो, कारण आता लोकांना पातळी मोबाइलवर टक्क्यांत बघायची असते. त्याची वाट २००५ मध्ये मोकळी झाली. उत्तर इटलीतलं इव्रेआ हे ऑलिव्हेट्टीच्या टाइपरायटरांचं गाव. तिथल्या इंटरअ‍ॅक्शन डिझाइन संस्थेत मासिमो बांझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्डुइनो बनवला. आधार होता त्याच संस्थेत एर्नांदो बारागान या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधासाठी केलेल्या 'वायरिंग' या व्यवस्थेचा. कलेच्या आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांना परवडेल आणि इंजिनिअर न होता वापरता येईल असा बोर्ड हवा होता. मग २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ ही चिप काही डॉलरमध्ये वाय-फाय घेऊन आली, आणि गच्चीवरून खालपर्यंत तार ओढायची गरज संपली. निदान तसं वाटलं.

या पिढीचा आवडता सेन्सर म्हणजे एचसी-एसआर०४. दोन डोळ्यांसारखे दिसणारे चंदेरी डबे: एक बोलतो, दुसरा ऐकतो. कंट्रोलरनं दहा मायक्रोसेकंदांची हाक दिली की तो ४० किलोहर्ट्झच्या आठ कंपनांची किंकाळी सोडतो. आपल्या कानाला ती ऐकू येत नाही. पाण्यावर आपटून प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला, तेवढा वेळ तो एक पिन उंच धरून ठेवतो. मायक्रोसेकंदांना ५८नं भागलं की सेंटिमीटर मिळतात. ध्वनी एक सेंटिमीटर जाऊन परत येईपर्यंत आर्डुइनो उनोच्या १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे नऊशेच्या वर ठोके पडलेले असतात, त्यामुळे वेळ मोजणं हा प्रश्नच नाही.

प्रश्न त्या ५८मध्ये आहे. हा आकडा साधारण २० अंश सेल्सिअसच्या हवेसाठी खरा, जिथे ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो. तापमान एका अंशानं वाढलं की हा वेग सुमारे ०.६ मीटरनं वाढतो. अकोल्यात किंवा चंद्रपूरला मे महिन्याच्या दुपारी काळ्या टाकीच्या आतली हवा ४५ अंशांवर गेली, तर तिथे वेग ३५८च्या आसपास असतो. पाणी खरोखर एक मीटर खाली असताना सेन्सर ९६ सेंटिमीटर सांगतो. चार सेंटिमीटर म्हणजे फार नाही असं वाटेल, पण हजार लिटरच्या टाकीचा घेर धरला तर एवढ्यात दोन बादल्या पाणी मावतं. दुपारी टाकी आपोआप थोडी 'भरते' आणि रात्री 'उतरते', आणि घरमालक गळती शोधत बसतो. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर सोबत लावून वेग दर वेळी नव्यानं काढला की हे भूत उतरतं.

उरलेली भुतं मात्र हट्टी आहेत. टाकीच्या भिंतींना पन्हळी असतात, त्यांच्यावरून आवाज परततो. पाण्याची धार मध्ये आली की भलताच आकडा येतो. पहाटे झाकणाखाली जमलेले थेंब सेन्सरच्या जाळीवर बसतात. सात वाचनं अशी येतात: ६२, ६१, ६२, १८७, ६२, ६१, ६२. यांची सरासरी काढाल तर जवळपास ८० येते, म्हणजे एका खोटारड्यानं सहा साक्षीदारांना बिघडवलं. त्याऐवजी आकडे चढत्या क्रमानं लावून मधला उचलायचा, तो ६२. मध्यक काढायचा हा शाळेतला धडा इतक्या थेट उपयोगी पडलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. जाळीवरच्या थेंबांना मात्र गणित चालत नाही. उघड्या सेन्सरचा धातू दमट हवेत गंजतो आणि एक दिवस तो बहिरा होतो. बंद तोंडाचे पाणीरोधक सेन्सर मिळतात, पण त्यांत एकच डबा बोलतो आणि ऐकतोही. स्वतःच्या किंकाळीचा कंप थांबेपर्यंत त्याला काही ऐकू येत नाही. म्हणून पहिले वीस-पंचवीस सेंटिमीटर त्याला दिसत नाहीत. तो झाकणाला टेकवून बसवला, तर नेमकी टाकी भरत आल्यावर आंधळा होतो. त्याला झाकणावर पाइपचा तुकडा लावून उंच बसवावं लागतं.

पाण्यात सेन्सर न बुडवता पातळी मोजायची आणखी एक पद्धत बहुतेक घरांत आधीपासून आहे, कपडे धुण्याच्या यंत्रात. तिथे एक बारीक नळी ड्रमच्या तळापासून वर जाते. पाणी वाढलं की नळीत कोंडलेल्या हवेचा दाब वाढतो आणि वरची कळ तो ओळखते. टाकीतही हेच करता येतं. एक मीटर पाण्याचा दाब ९.८ किलोपास्कल, आणि शून्य ते दहा किलोपास्कल मोजणारा एमपीएक्स ५०१० नावाचा सेन्सर मिळतो. जणू मापच घेतलंय. कोंडलेली हवा हळूहळू पाण्यात विरघळते, त्यामुळे काही दिवसांनी आकडा घसरत जातो. टाकी रिकामी झाली की नळीत पुन्हा पूर्ण हवा भरते आणि हिशेब जागेवर येतो. टाकी कधीच रिकामी होऊ न देणाऱ्या घरात मात्र ही पद्धत नको.

आणि मग साधा फ्लोट. तरंगणाऱ्या गोळ्यात चुंबक, दांड्यात काचेच्या नळीतली रीड स्विच, जी १९३६ मध्ये बेल लॅब्जमध्ये वॉल्टर एल्वुड यांनी शोधली. तिचे संपर्क बंद काचेत असल्यामुळे दमट हवा त्यांना शिवत नाही. टक्के सांगत नाही, फक्त भरली की नाही एवढंच सांगते. पण मोटरला तेवढंच हवं असतं.

फ्लोट कसा जोडता, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. दोन पर्याय आहेत. टाकी भरल्यावर स्विच जुळेल असा जोडा, किंवा भरल्यावर सुटेल असा. कागदावर दोन्ही सारखे. प्रोग्राममध्ये एका उद्गारचिन्हाचा फरक. पण गच्चीवरची तार उंदरानं कुरतडली तर? पहिल्या जोडणीत कंट्रोलरला 'स्विच जुळलेला नाही, म्हणजे टाकी रिकामी' असं दिसतं आणि मोटर चालूच राहते. दुसऱ्या जोडणीत तुटलेली तार आणि भरलेली टाकी सारखीच दिसते, मोटर थांबते. चूक दोन्हीकडे आहे. एका चुकीत अंगणात तळं होतं आणि खालची टाकी संपून मोटर कोरडी चालते. पाण्यानंच थंड राहणारं तिचं सील जळतं. दुसऱ्या चुकीत नळ कोरडा पडतो आणि कुणीतरी वैतागून वर जाऊन बघतो. दुसरी चूक निवडावी.

हाच प्रश्न प्रत्येक भागाला विचारायचा. प्रतिध्वनी आलाच नाही तर आर्डुइनोचं वेळ मोजणारं फंक्शन शून्य परत करतं. त्याचा अर्थ 'अंतर शून्य' असा लागला तर टाकी तुडुंब समजून मोटर बंद होते. बचाव झाला, पण योगायोगानं. शून्य म्हणजे बिघाड, हे प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे लिहायला हवं. टाकी एरवी पंचवीस मिनिटांत भरत असेल, तर सेन्सर काहीही म्हणो, चाळीस मिनिटांनी मोटर थांबलीच पाहिजे. खालच्या टाकीतही एक फ्लोट हवा. आणि निळ्या चौकोनी रिलेवर '१० अँपिअर' छापलेलं वाचून त्यावर थेट मोटर लावू नये. सुरू होतानाच्या झटक्यानं त्याचे संपर्क एक दिवस वितळून चिकटतात. प्रोग्राम 'बंद' म्हणत राहतो, मोटर ऐकत नाही. रिलेनं कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा भार पेलणारा दणकट स्विच, ओढायचा आणि कॉन्टॅक्टरनं मोटर.

घड्याळाचा एक सापळा तर फारच लबाड आहे. आर्डुइनो सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांत मोजतो. तो आकडा ४९ दिवस १७ तासांनी भरून पुन्हा शून्यावर येतो. 'पुढची तपासणी अमुक क्षणी' असं लिहून 'आत्ता' त्याच्या पुढे गेलं का एवढंच बघणारा प्रोग्राम, तो क्षण नेमका या वळणाच्या जरा आधी आला आणि एखाद्या विलंबात हुकला, तर जवळपास पन्नास दिवस टाकीकडे बघतच नाही. उपाय सोपा: तुलना क्षणांची नको, फरकाची करा. 'आत्ता' वजा 'मागची वेळ' हा फरक चिन्हरहित पूर्णांकात शून्याचं वळण पार करूनही बरोबर येतो. वारंवार वीज जाणाऱ्या गावात हा दोष कधीच उघडा पडत नाही, कारण पन्नास दिवसांच्या आत घड्याळ शून्यावर येतंच. इन्व्हर्टर असलेल्या घरातच तो भेटतो.

विजेचं एक सांगायला हवं, कारण पाणी आणि २३० व्होल्ट एका यंत्रात येतात. ट्रान्सफॉर्मर टाळून नुसत्या कपॅसिटरवर व्होल्टेज उतरवणारी स्वस्त सर्किटं इंटरनेटवर भरपूर आहेत. त्यांत टाकीतली तार थेट मेन्सशी जोडलेली असते. ती टाकीसाठी कधीही वापरू नयेत. चांगला मोबाइल चार्जर घ्यावा, आणि मोटरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअर प्रवाह गळताच तुटणारा आरसीसीबी असावा.

या सगळ्याच्या शेजारी, जिन्याखालच्या बोर्डावर, एक तीन स्थितींचा स्विच बसवायचा: ऑटो, बंद, मॅन्युअल. मॅन्युअलमध्ये चिपचा काही संबंध नाही. ती जळालेली असली, वाय-फाय गेलेलं असलं, बनवणारा पुण्याला नोकरीला गेलेला असला, तरी आजीला मोटर लावता आली पाहिजे. मधली 'बंद' स्थिती टाकी धुण्याच्या दिवसासाठी. त्या दिवशी टाकी रिकामी असते, सेन्सर तसं प्रामाणिकपणे सांगतो, आणि ऑटोवर राहिलेली मोटर आत उतरलेल्या माणसाच्या डोक्यावर पाणी सोडते. स्विचवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायचं, आणि एमसीबीही खाली पाडायचा.